शून्य शून्य सात आणि टोकन नंबर

मनुष्याचे कांहीं नाद असे असतात कीं, ते त्याच्या पेशास शोभत नाहींत, आणि शोभत नाहींत म्हणूनच कीं काय, ते सुटतही नाहींत. आम्हांस जेम्स बाँडच्या चित्रपटांचा नाद आहे. शिक्षकांच्या खोलींत ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. विद्यार्थ्यांसही ती ठाऊक असावी असा आमचा दाट संशय आहे. कारण आम्ही फळ्याकडे वळलों कीं मागील बाकावरून कोणी तरी त्या चित्रपटांतील तो प्रसिद्ध सूर हलकेंच गुणगुणूं लागतो, आणि आम्ही वर्गाकडे वळलों कीं तो सूर नाहींसा होतो. गुन्हेगार अद्यापि सांपडलेला नाहीं. हेरगिरीचे गुण शिक्षकांत अधिक कीं विद्यार्थ्यांत, याचा निर्णय वाचकांनींच करावा.

या नादाचें समर्थन करण्याचा आमचा मुळींच विचार नाहीं. बाँडच्या मद्यपानाविषयीं व इतर कित्येक सवयींविषयीं या वार्षिकांत लिहिणें संपादकांस रुचणार नाहीं, आणि पालकांस तर त्याहूनही रुचणार नाहीं. तो भाग आम्ही खिडकीबाहेर पाहत पाहतों, एवढेंच सांगून पुढें जातों.

प्रथम थोडा इतिहास सांगणें हा शिक्षकाचा हक्क आहे, व तो आम्ही बजावणार. इयान फ्लेमिंग या इंग्रज लेखकाची 'कॅसिनो रोयाल' ही पहिली बाँडकथा १९५३ सालीं प्रसिद्ध झाली. नायकाला अगदीं साधें, नीरस नांव असावें अशी त्याची इच्छा होती. म्हणून त्यानें आपल्या संग्रहांतील एका पुस्तकाच्या कर्त्याचें नांव उचललें. तें पुस्तक वेस्ट इंडीज बेटांतील पक्ष्यांविषयीं होतें, आणि त्याचा कर्ता जेम्स बाँड हा एक सज्जन अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ होता. ज्या नांवानें जगांतील खलपुरुष दचकतात, तें नांव मुळांत झाडाखालीं मान वर करून उभ्या राहणाऱ्या एका विद्वान् गृहस्थाचें आहे!

पहिला बाँडपट 'डॉक्टर नो' हा १९६२ च्या ऑक्टोबरांत लंडनमध्यें प्रथम झळकला. त्याच वर्षीं ऑगस्टच्या पहिल्या तारखेस आपल्या राज्यांत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. हा योगायोग आमच्या मतें लक्षांत ठेवण्याजोगा आहे. महामंडळानें आमच्या पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण या मुलखांतील माळरानांवर कारखाने वसविण्याचें काम पत्करलें. बाँडनें कारखान्यांत तयार होणाऱ्या वस्तूंचा चुराडा करण्याचें पत्करलें. २०२१ पर्यंत मूळ मालिकेंतील पंचवीस चित्रपट निघाले. या दोन उद्योगांपैकीं अधिक नेटानें कोणता चालला, हें सांगणें कठीण आहे.

आतां बाँडच्या कर्तबगारीकडे वळूं. हेरानें पाळावयाचा पहिला नियम म्हणजे आपण कोण हें कोणास कळूं न देणें. आमचा नायक भेटेल त्यास प्रथम आपलें आडनांव सांगतो, आणि ऐकणारा कदाचित् बहिरा असेल म्हणून लागलीच पूर्ण नांवही सांगतो. याच्या उलट शिवाजी महाराजांचे हेरप्रमुख बहिर्जी नाईक पाहा. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीपूर्वीं त्यांनीं त्या शहराची खडान्‌खडा बातमी आणली, असें परंपरा सांगते. परंतु ते दिसत कसे, हें आज कोणी छातीठोकपणें सांगूं शकणार नाहीं. खऱ्या हेराची हीच खूण होय. त्याचे चाहते नसतात, कारण तो कोणास दिसतच नाहीं. ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें ती आम्हांस उपयोगीं पडणार आहे.

बाँडनें हिंदुस्थानास भेट दिली ती १९८३ सालच्या 'ऑक्टोपसी' या चित्रपटांत. त्या वेळीं पिंपरी-चिंचवड महानगरपालिका होऊन वर्षही पुरें झालें नव्हतें. बाँड आला तो मात्र उदयपुरास गेला, आमच्याकडे फिरकला नाहीं. ताजमहाल दिसतो न दिसतो तोंच तो उदयपूरच्या तळ्यांत नावेंतून येतो. भूगोलाच्या शिक्षकांनीं हा भाग पाहूं नये. घाटावर एक गारुडी पुंगी वाजवीत बसला आहे. तो वाजवितो काय? तर बाँडपटाचाच तो सूर! हीच त्यांची सांकेतिक खूण. ज्या सुरानें मागील बाकावरच्या पोरास देखील पकडण्याचा मोह व्हावा, त्या सुरावर गुप्तता सोंपविणाऱ्या खात्याचें कौतुक करावें तेवढें थोडें.

हा गारुडी म्हणजे आपले सुप्रसिद्ध टेनिसपटू विजय अमृतराज. पुढें बाजारांत पाठलाग होतो तो ऑटोरिक्षांतून. विजय शत्रूंस टेनिसच्या रॅकेटनें बडवितो, आणि रस्त्यावरील बघ्यांच्या माना सामना पाहावा तशा डावीकडून उजवीकडे व उजवीकडून डावीकडे हलतात. बाँड नोटांची उधळण करतो, लोक त्या वेंचावयास धांवतात, आणि शत्रूची वाट अडते. ती रिक्षा कोठें तयार झालेली होती, हें आम्हांस पडद्यावर वाचतां आलें नाहीं; परंतु बजाजच्या रिक्षा त्या काळीं आमच्या आकुर्डीच्या कारखान्यांतूनच बाहेर पडत, म्हणून अभिमान बाळगण्यास आम्ही मोकळे आहों. एका गोष्टीचा मात्र उलगडा होत नाहीं. मागील चाकांवर उभी राहून धांवणाऱ्या त्या रिक्षाचें भाडें मीटरप्रमाणें होतें कीं ठरवून?

गंमत येथवर. पुढें काय होतें? तोच विजय, ज्यानें बाँडचा जीव वांचविला, तो शत्रूच्या हातून मारला जातो. बाँडच्या चेहऱ्यावर क्षणभर सावली येते आणि चित्रपट पुढें धांवतो. त्याच्या घरीं कोणी वाट पाहत होतें कीं काय, आणि त्यांस कोणी कळविलें, याची चौकशी करण्यास कोणाला सवड नाहीं. आम्हीं हा चित्रपट कित्येक वेळां पाहिला आहे, आणि प्रत्येक वेळीं या जागीं आमचें हसणें थोडें अडखळतें.

याच चित्रपटांत आगगाडीचा प्रसंग आहे. बाँडच्या मर्सिडीज मोटारीचे टायर फाटतात; तो उघड्या चाकांनिशीं ती मोटार सरळ रुळांवर घालतो व आगगाडीच्या मागें लागतो. हा देखावा आम्हीं चिंचवड स्थानकाच्या पुलावर उभे राहून मनांतल्या मनांत ताडून पाहिला. कथेंतील त्या देशांत रुळांमधील अंतर १४३५ मिलिमीटर असतें, आणि मोटारीचीं चाकेंही साधारण तितक्याच अंतरावर असतात. म्हणून तें जमलें. आमच्या पुणें-लोणावळें मार्गावर हें अंतर १६७६ मिलिमीटर आहे. म्हणजे फरक २४१ मिलिमीटर. एका बाजूचें चाक रुळावर ठेवावें तों दुसऱ्या बाजूचें खडींत जाणार. आमच्या गणिताच्या सहकाऱ्यांनीं ही वजाबाकी दोनदां तपासली आहे. सारांश, बाँड आमच्याकडे आला असता तर त्याला लोकलनेंच जावें लागलें असतें, आणि सकाळच्या लोकलला दारांत उभें राहण्यास कोणतें शस्त्र लागतें, तें त्याच्या खात्याजवळ नाहीं.

आतां २०१२ सालचा 'स्कायफॉल' घ्या. आरंभींच इस्तंबूल शहरांत एक लँड रोव्हर मोटार सुसाट धांवते. चालविणारी बाई एका बाजूचा आरसा उडविते. बाँड तिची समजूत घालतो कीं, तसाही तो उपयोगांत नव्हताच. थोड्या वेळानें ती दुसऱ्या बाजूचाही उडविते, आणि त्याचाही उपयोग नव्हता असें स्वतःच सांगते! चाकणच्या रस्त्यानें जाणाऱ्या कित्येक वाहनचालकांचें आरशाविषयींचें मत हेंच आहे. लँड रोव्हर ही कंपनी २००८ पासून टाटांच्या मालकीची आहे, आणि टाटांचा पुण्याकडील कारखाना १९६६ पासून आमच्या शेजारीं पिंपरीस आहे. म्हणून हा आरसा फुटतांना आम्हांस थोडें घरचें भांडें फुटल्यासारखें वाटलें.

पुढें बाँड आगगाडीवर चढतो. डब्यांवर फोक्सवॅगनच्या नव्या कोऱ्या बीटल मोटारी रांगेनें लादलेल्या आहेत. बाँड एका खोदकाम यंत्रांत बसून त्या मोटारी चिरडतो आणि कांहीं खालीं लोटून देतो. प्रेक्षागृहांत टाळ्या पडतात. एका स्नेहसंमेलनाच्या वेळीं या प्रसंगाचें आम्हीं रसाळ वर्णन केलें, तेव्हां सर्व हसले. एक पालक मात्र हसले नाहींत. ते चाकणच्या पट्ट्यांत एका मोटारीच्या कारखान्यांत दारें बसविण्याच्या विभागांत काम करतात. फोक्सवॅगनचाही कारखाना २००९ पासून चाकणास आहे. परंतु त्या बीटल तेथील नव्हत्या, व हे गृहस्थही तेथील नव्हेत. ते शांतपणें म्हणाले, "सर, दार आणि बॉडी यांच्यामधली फट आम्ही फीलर गेजनें मोजतों. एक मिलिमीटर इकडे तिकडे झाली तर गाडी बाजूला काढावी लागते. त्या गाड्या पडल्या तेव्हां मी दारेंच पाहत होतों. बसविलीं चांगलीं होतीं."

आम्हांस पुढें कांहीं बोलणें सुचलें नाहीं. त्यांनीं तक्रार केली नव्हती. एका कारागिरानें दुसऱ्या अनोळखी कारागिराच्या कामास दिलेली ती पावती होती. तेव्हांपासून आमचें लक्ष बाँडवरून ढळून त्या मालिकेंतील दुसऱ्या एका पुरुषाकडे गेलें. त्याचें नांव क्यू. हा खात्यांतील हत्यारें-अवजारें बनविणारा म्हातारा. डेस्मंड लेवेलिन या नटानें १९६३ पासून १९९९ पर्यंत सतरा चित्रपटांत हें काम केलें. तो बिचारा दर वेळीं मोठ्या कष्टानें मोटार, घड्याळ, पेटी तयार करतो. दर वेळीं काकुळतीनें बजावतो कीं, वस्तु धड परत आण. आणि दर वेळीं त्याच्या हातीं तुकडे येतात. आमच्याकडील टूलरूममधील प्रत्येक मनुष्य या म्हाताऱ्यास सख्खा भाऊ म्हणून ओळखील. या पात्राचें मूळही गमतीचें आहे. जेफ्री बूथरॉइड नांवाच्या एका शस्त्रतज्ज्ञ वाचकानें फ्लेमिंगास पत्र लिहून कळविलें कीं, तुमच्या नायकाजवळचें पिस्तूल त्याच्या कामास योग्य नाहीं. लेखकानें ती सूचना मानली, आणि कथेंतील शस्त्रागाराच्या अधिकाऱ्यास त्याचेंच आडनांव दिलें. हाच अधिकारी पडद्यावर पुढें क्यू झाला. चूक दाखविणारें पत्र सभ्यपणें लिहिलें तर त्याचा असाही सत्कार होतो. निबंधाची वही परत मिळाल्यावर तोंड वांकडें करणाऱ्यांनीं हें वाचावें.

याच सुमारास एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. वर्षारंभीं हजेरीपुस्तकासाठीं आम्ही प्रत्येक मुलास विचारतों, "वडील काय करतात?" उत्तर ठराविक असतें : "कंपनींत आहेत." कंपनींत काय करतात? "कामाला आहेत." कसलें काम? मूल छताकडे पाहतें. आई कामावर जात असेल तर तिच्याविषयींही उत्तर तेंच. पडद्यावरील हेराची इत्थंभूत माहिती सांगणारीं हीं मुलें स्वतःच्या घरांतील माणसाविषयीं जणुं शपथ घेतल्यासारखीं गप्प!

आणि खरोखर, विद्यार्थ्यांनो, विचार करून पाहा. तुमचे वडील रात्रीं-अपरात्रीं घरांतून निघतात. कोपऱ्यावर ठरलेल्या मिनिटाला एक बस येते, ती कोणाचीही वाट पाहत नाहीं. त्यांच्या गळ्यांत एक पत्र असतें, त्यावर छायाचित्र व क्रमांक असतो. फाटकावर झडती होते. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर कागदी पट्टी चिकटवितात. आंत काय चालतें तें बाहेर सांगावयाचें नाहीं. आंत त्यांना नांवानें हांक मारणारे थोडे. बहुतेक कारभार टोकन नंबरावर चालतो. त्या दुसऱ्याचा क्रमांक तीन आंकड्यांचा. तुमच्या वडिलांचा कदाचित् पांच आंकड्यांचा असेल. आणि बहिर्जींप्रमाणेंच त्यांचेही चाहते नाहींत, कारण ते कोणास दिसत नाहींत.

म्हणून आम्हीं एका दिवाळीच्या सुटींत नववीच्या वर्गास एक कामगिरी सोंपविली. घरांतील जें माणूस कामास जातें, तें नक्की काय बनवितें याचा तपास करून एक पानाचा अहवाल आणावा. अट एवढीच कीं, 'कंपनींत आहेत' हें वाक्य त्यांत असतां कामा नये.

अहवाल आले ते वाचण्यासारखे होते. एका मुलीनें लिहिलें कीं, तिची आई मोटारीच्या तारांचे जुडगे बांधते. आई म्हणते, एका मोटारींतील तारा एकापुढें एक ठेवल्या तर किलोमीटरभर जातील, आणि त्यांतली एक चुकली तरी दिवा लागत नाहीं. एका मुलानें शोध लावला कीं, लेथवरील हत्यार झिजलें हें त्याच्या वडिलांस यंत्राच्या आवाजावरून डोळे मिटूनही कळतें. एकाचे वडील कारखान्याच्या उपाहारगृहांत स्वयंपाक करतात. त्यानें अहवालांत आमटीची कृति देऊन उरलेली जागा भरून काढली. आणि एकाचे वडील फाटकावरील रखवालदार निघाले. मोबाइलच्या कॅमेऱ्यास पट्टी चिकटविणारे गृहस्थ ते हेच! हेरांचा खरा शत्रू आमच्याच वर्गाचा पालक होता.

एक कागद मात्र कोरा आला. ही गोष्ट बरीच जुनी आहे, व त्या मुलाच्या आणि त्याच्या वडिलांच्या संमतीनें, नांव न सांगतां, आम्ही ती येथें देत आहों. शाळा सुटल्यावर तो मुलगा मागें थांबला. आमच्या आज्ञेप्रमाणें त्यानें खरोखरीच तपास केला होता. वडील नेहमींप्रमाणें डबा घेऊन निघाले, तेव्हां तो सायकलीवरून दूर राहून त्यांच्या मागें गेला. वडील बसच्या थांब्यावर थांबले नाहींत. ते पुढें मजूर अड्ड्यावर गेले व रोजंदारीसाठीं उभ्या असलेल्या माणसांत जाऊन उभे राहिले. ज्या लहान वर्कशॉपमध्यें ते कामास होते, तें दोन महिन्यांपूर्वींच बंद पडलें होतें. घरीं त्यांनीं कोणास सांगितलें नव्हतें. शाळेची फी वेळेवर भरलेली होती.

"सर," तो म्हणाला, "अहवालांत काय लिहूं?"

आम्हीं त्यास सांगितलें, "अहवाल ज्याच्या संबंधींचा आहे, त्याच्याच हातीं तो द्यावा. आम्हांस कोरा कागद पुरे आहे. त्याचे पूर्ण गुण तुला मिळतील."

दोन दिवस तो घरीं कांहीं बोलला नाहीं. तिसऱ्या दिवशीं पहाटे उठून त्यानें वडिलांच्या हातांतील डब्याची पिशवी आपल्याकडे घेतली आणि तो त्यांच्याबरोबर चालूं लागला. बसचा थांबा आला. तो थांबला नाहीं. वडिलांनीं त्याच्याकडे पाहिलें, आणि तेही थांबले नाहींत. अड्ड्यापर्यंत दोघे बरोबर गेले. तेथें त्यानें डबा त्यांच्या हातीं दिला व तो शाळेस आला.

त्या संध्याकाळीं वडिलांनीं आईस सारें सांगितलें. आईस आश्चर्य वाटलें नाहीं. तिला पहिल्या आठवड्यांतच कळलें होतें. धुवावयाच्या कपड्यांवर वंगणाचे डाग येईनासे झाले होते, आणि खिशांतून सिमेंटची भुकटी निघूं लागली होती. ती कोणास कांहीं बोलली नव्हती. फक्त त्या दिवसापासून तिनें डब्यांत एक भाकरी अधिक घालावयास सुरुवात केली होती, कारण घमेलीं उचलणाऱ्यास भूक अधिक लागते. मुलाला जें शोधून काढण्यास सायकल लागली, तें त्या माउलीनें धुण्याच्या दगडावर वाचलें होतें. लंडनच्या त्या खात्यानें या बाईंकडे शिकावयास माणसें पाठवावींत, असें आमचें प्रामाणिक मत आहे.

वडिलांस पुढें दुसऱ्या एका कारखान्यांत काम मिळालें. तो मुलगा आज एका टूलरूममध्यें साचे बनवितो. त्याचा टोकन नंबर आम्हांस पाठ आहे, परंतु तो गुप्त असल्यामुळें येथें देतां येत नाहीं. गेल्या वर्षीं तो शाळेंत आला तेव्हां त्यानें आपण बनविलेला एक लहानसा पोलादी ठोकळा आमच्या मेजावर ठेवला. आम्हीं विचारलें, "हें काय?" तो म्हणाला, "सर, अहवाल." तो ठोकळा आम्ही आतां उत्तरपत्रिकांवर ठेवतों.

ती कामगिरी आम्ही अजूनही दर दिवाळीस देतों. विद्यार्थ्यांनो, सुटींत बाँडचे चित्रपट जरूर पाहा. आईवडिलांस विचारून पाहा, म्हणजे आम्हांवर ठपका येणार नाहीं. मोटारी पडूं लागल्या कीं हसा, परंतु एखादें दार नीट निरखून पाहा. आणि चित्रपट संपल्यावर घरांत जें माणूस पाय धुऊन नुकतेंच टेकलें असेल, त्याच्याजवळ जाऊन बसा व विचारा कीं, आज तुम्हीं काय बनविलें. पहिल्या दिवशीं उत्तर 'कांहीं नाहीं' असेंच मिळेल. सरावलेले हेर लवकर बोलत नाहींत. दुसऱ्या दिवशीं पुन्हां विचारा. पालकांसही आमची विनंती आहे कीं, मुलानें विचारलें तर फार ताणूं नये. कॅमेऱ्यावर पट्टी असते, तोंडावर नसते.

अहवाल एक पानाचा असावा, शाई निळी असावी, आणि तो शाळा उघडेल त्या दिवशीं पहिल्या तासास आमच्या मेजावर यावा. कोरा कागद आणणाऱ्यास कारण विचारलें जाणार नाहीं.